बिनलगामाचा हात

आमच्या घरात पंजा लढवते ती माझी बायको. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण चौगुले सरांच्या घरी पंजाचं टेबल आहे असं ऐकलं की लोक आधी माझ्या दंडांकडे बघतात आणि मग सभ्यपणे विषय बदलतात. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. माझ्या हाताला खडूची सवय. गॅसची टाकी हलवायची झाली तरी मी त्रिशलालाच हाक मारायचो, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

त्रिशलाची ताकद गोठ्यातली. तिच्या माहेरी दावणीला म्हशीच म्हशी, आणि शाळेत नाव घातलं त्या वर्षापासून ती धारा काढत आलेली. म्हशीचं सड जाड आणि धार जड. पूर्ण मुठीने काढावी लागते, आणि रोज दोन वेळा. ज्याने कधी एका म्हशीची धार काढली असेल त्याला विचारा, संध्याकाळी त्याला पेन धरवत नाही. लग्नानंतर आमच्याही गोठ्यात तीन म्हशी आल्या. एका वर्षी जत्रेत बायकांचे पंजे लागले, हिने गंमत म्हणून पदर खोचला, आणि समोर आलेल्या सगळ्या जणींचे हात आडवे केले. तिथे शीतल वस्तादांनी तिला हेरलं. आमच्या सांगली भागातल्या जैनांत शीतल हे पुरुषाचं नाव असतं. पुण्याचे लोक नावावरून फसतात, पण वस्तादांच्या मिशा बघितल्यावर कुणाचाच गोंधळ उरत नाही.

वस्तादांचा हॉल म्हणजे सोसायटीचं जुनं खताचं गोदाम. त्यात पंजाची दोन टेबलं होती, कोपर टेकायला गाद्या आणि मोकळ्या हाताने धरायला खुंट्या असलेली. कप्पीवरून ओढायची वजनं होती, मनगट पिळायची जाडजूड दांडकी होती, आणि वाळूने भरलेल्या बादल्या होत्या, त्यांत बोटं खुपसून मुठी वळायच्या. भिंतीवर लाल रंगात दोनच शब्द लिहिलेले होते, 'नजर हातावर'. पंजा लढवताना माणसाने स्वतःच्या हातावरून डोळे हटवायचे नाहीत, हा वस्तादांचा पहिला आणि शेवटचा धडा. मान दुसरीकडे वळली की खांदाही वळतो, हात एकटा मागे राहतो, आणि दंडाच्या हाडाला पीळ बसून ते मोडतं. ते मोडण्याचा आवाज वस्तादांनी एकदा ऐकला होता. त्यानंतर जो नजर हलवेल त्याच्या डोक्यात टपली बसायची, मग तो पोलीस भरतीचा पोरगा असो नाहीतर माझी बायको.

दोन हजार अडतीसच्या दिवाळीनंतर त्या हॉलमध्ये 'बाही' आली.

पुण्यातल्या एका नव्या कंपनीने ती पाठवली होती. बरोबर डॉ. केतकी सोवनी नावाची तरुण संशोधक आली. बाही म्हणजे खरोखरच बाही होती, मनगटापासून खांद्यापर्यंत घालायची, पातळ, करड्या रंगाची. तिची वायर एका मोटर बसवलेल्या टेबलाला जोडायची; समोरच्या माणसाऐवजी ती मोटर हाताशी जोर लावायची. केतकीबाईंनी आम्हा सगळ्यांना सतरंजीवर बसवून ती समजावून सांगितली. मी ते पुढे माझ्या नववीच्या वर्गाला सांगितलं, तसंच इथे सांगतो.

आपल्या स्नायूंत जेवढी ताकद असते तेवढी शरीर आपल्याला कधीच वापरू देत नाही. स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो तिथे कंडरा असते, दोरखंडासारखी चिवट. या कंडरेत ताण मोजणारी अतिसूक्ष्म इंद्रियं बसलेली असतात. ताण फार वाढला की ती मज्जारज्जूला खबर देतात, आणि मज्जारज्जू मेंदूला विचारत न बसता स्नायूला बजावतो की पुरे, सैल पड. हा आपला लगाम. तो आहे म्हणून कंडरा तुटत नाहीत. पण तो फार भित्रा आहे, खऱ्या धोक्याच्या कितीतरी आधी खेचला जातो. बाही ही खबर वाटेतच पुसते. गोंगाट बंद करणारे फोन कानात घातले की ते बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलट आवाज सोडतात आणि आपल्याला शांत वाटतं, तसंच हे. मज्जातंतूतून जी लहर निघते तिच्या उलट लहर बाही सोडते. काही आठवडे असं चाललं की मज्जारज्जू त्या खबरीची वाट बघणंच सोडून देतो. मग बाही काढून ठेवली तरी लगाम ढिलाच राहतो.

"आणि हाड मोडलं तर?" वस्तादांनी विचारलं.

"हाडावरचा ताण बाही मोजते. मर्यादेजवळ आलं की मोटर थांबते," केतकीबाई म्हणाल्या.

मला मास्तरकीची खोड. मी विचारलं, "एखादी वस्तू आपण किती जोरात धरली आहे, हे आपल्याला त्याच खबरीवरून कळतं ना? ती पुसली तर?"

"काही अंशी तिच्यावरून, सर. पण त्वचा असते, डोळे असतात, सवय असते. आम्ही कितीतरी खेळाडूंवर चाचण्या घेतल्यात. कुणाच्या हातून साधा ग्लाससुद्धा फुटलेला नाही."

उत्तर सरळ होतं आणि बाई हुशार होत्या. माझं समाधान झालं. पंजात डाव्या हाताची स्पर्धा वेगळी आणि उजव्याची वेगळी असते, म्हणून त्रिशलाने दोन्ही हातांना बाही चढवली. हॉलमधल्या बाकीच्यांनीही ती वापरली.

पुढचे महिने आमच्या घरात नुसता आनंद होता. जिल्ह्याला तिच्यासमोर कुणी टिकलं नाही. राज्याच्या अंतिम फेरीत समोरची बाई हिच्यापेक्षा डोक्याने उंच होती. पंचाने 'गो' म्हटलं आणि तिचा हात गादीवर पडलासुद्धा. ती बाई स्वतःच्या हाताकडे असं बघत राहिली की जणू तो कुणा दुसऱ्याचाच आहे. आमची पनू तेव्हा सहा वर्षांची होती. पाळण्यातलं नाव पर्णिका, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. ती खुर्चीवर उभी राहून "माझी आई हाय ती!" असं शेजारच्या अनोळखी माणसांना सांगत होती. राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्रिशलाची निवड झाली. तिथे जिंकली असती तर अंगावर भारताचा टी-शर्ट आला असता. तो तिला किती हवा होता हे मलाच माहीत. माहेरच्या गोठ्यातून निघालेली बाई, तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती.

पहिली तक्रार म्हशीने केली.

आमची गौरा गरीब म्हैस. कधी पाय उचलला नाही. एका सकाळी तिने बादली उडवली आणि त्रिशलाला जवळच येऊ देईना. दुसऱ्या दिवशी दुधात लाल धागे दिसले. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी वाकून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सड चेंगरलंय, सर. हे कशानं धरलं? पक्कडीनं?"

"काय तर बोलू नका," त्रिशला उसळली. "मी काढतो की रोज धार. रोजच्यासारखीच काढतो." आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी काढतो' असंच बोलतात.

डॉक्टर गेले. आमच्या घरात चालताना मुंगीसुद्धा चुकवतात, आणि एका मुक्या जीवाला तिच्या हातून हे झालं होतं. तिने ते मानलं नाही, मीही मानलं नाही. माश्या असतील, गोचीड असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. धार काढताना ती कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवते आणि डोळे मिटून घेते, हे मी लग्नापासून बघत होतो. पण त्या वेळी ते माझ्या ध्यानात आलं नाही. विज्ञानाचा मास्तर म्हणे!

त्याच आठवड्यात आम्ही बाजाराला गेलो. रस्ता ओलांडायचा होता. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, पनूचा हात आईच्या हातात. विजेवरचे ट्रक आवाज न करता अंगावर येतात म्हणून सरकारने त्यांना सतत गुणगुणणारे भोंगे बसवायला लावलेत. तसा एक भोंगा मागून जवळ आला आणि त्रिशलाने मान वळवली.

पनू किंचाळली.

तसं किंचाळणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्रिशला भांबावली. खाली वाकून पनूच्या पायांकडे बघायला लागली. "काय चावलं? काय चावलं गं? कुत्रं आलं का?" पोर रडत होती, "आई, सोड, सोड की!" आणि त्रिशला तिच्या पायाभोवती कुत्रं शोधत होती, मोटारसायकल शोधत होती, आणि तिची मूठ पोरीच्या हातावर आवळलेलीच होती. तिला ते माहीतच नव्हतं.

"हात बघ!" मी ओरडलो. "त्रिशला, तुझा हात बघ!"

तिने हाताकडे बघितलं. त्याच क्षणी मूठ उघडली.

पनूच्या तळहातातली तीन बारीक हाडं मोडली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्रिशला म्हणाली, "मी धरला होता." एवढंच. प्लास्टर होईपर्यंत ती कोपऱ्यात उभी राहिली, दोन्ही हात काखेत दाबून.

घरी आल्यावर मी शेवटी मास्तर झालो. पनू झोपली होती. दुपारच्या उन्हात स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी मी त्रिशलाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि तिच्या हातात टोमॅटो दिला. "नुसता धर," म्हटलं. रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला. ती म्हणाली, "पिकलाय जास्त." मी हिरवा, कच्चा, दगडासारखा टोमॅटो दिला. त्याचंही तेच झालं. मग स्टीलचा पेला दिला, तो चेपला. टॉवेल सोडला, डोळे उघडे ठेवून पुन्हा टोमॅटो दिला. आता त्याच हाताने तिने तो असा धरला की सालीवर वळसुद्धा उमटला नाही.

ओट्यावर ते चेपलेलं स्टील पडलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्रिशलाही तेच बघत होती.

मी केतकीबाईंना फोन लावला.

"तुमच्या चाचण्या तुम्ही कुठे घेतल्या, बाई?"

"टेबलावर, सर. पंजाच्या टेबलावर."

"आणि खेळाडूंची नजर कुठे होती?"

मग त्या हळूच म्हणाल्या, "हातावर. पंजावाले सगळेच हातावरच नजर ठेवतात, सर. ती त्यांची शिस्तच असते."

"आणि तो ग्लास?"

"ग्लासही बघूनच उचलला असेल त्यांनी."

मग त्यांनी त्रिशलाच्या तळहाताला घट्टे आहेत का, असं विचारलं. आहेत म्हटलं, लहानपणापासूनचे. त्या म्हणाल्या की मग त्वचेकडूनही फार मदत मिळत नसणार. कंडरेतली खबर गेली आहे आणि आता फक्त डोळे उरलेत. बाई खोटं बोलल्या नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. "बाही ताबडतोब बंद करा," त्या म्हणाल्या. "मज्जारज्जू पुन्हा शिकेल. काही महिने लागतील. शिकेल असं वाटतं."

तो 'वाटतं' माझ्या कानात अडकून बसला.

वस्ताद घरी आले. राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली होती. ते पनूच्या उशाशी बसले, तिच्या प्लास्टरवरून हात फिरवला, डोळे पुसले. पण शेवटी मुद्द्यावर आलेच.

"त्रिशला, टेबलावर तुला कसला धोका? तिथं नजर हातावरच असती. एवढं एक मैदान मार, मग सोड की सगळं."

"वस्ताद, टेबलावर मी मिनिटभर असतो," ती म्हणाली. "उठल्यावर कुठं जाऊ? घरातच येणार की."

"पोरी, असं परत कधी जमणार नाही."

"न्हाई जमलं तर न्हाई."

वस्ताद उठले. उंबऱ्याशी त्यांनी सवयीने तिच्या पाठीवर थाप मारण्यासाठी हात पुढे केला. ती दचकून मागे सरली आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. वस्तादांचा हात तसाच हवेत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलला कुलूप लावलं. पुढे बाही घातलेल्या बाकीच्यांच्याही कुठून कुठून बातम्या यायला लागल्या. कुणी लग्नात नवरदेवाशी हात मिळवला होता, कुणी सायकल शिकवताना पोराचा दंड धरला होता. आमच्या भागात पंजावाला दिसला की लोक लांबूनच दोन्ही हात जोडायला लागले.

आणि आमच्या घरात भीती राहायला आली.

त्रिशला घरभर स्वतःच्या हातांकडे बघत फिरायची. उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसं. भाकरी थापताना बघायची, केस विंचरताना आरशात बघायची, नळ बंद करताना खाली वाकून बघायची. पनूने हाक मारली तर मान वर करण्याआधी हातातली वस्तू खाली ठेवायची. झोपताना ती पंजाच्या टेबलावरचे पट्टे मनगटांना बांधून घ्यायची आणि मी त्यांची टोकं खाटेच्या पायांना आवळायचो. स्वतःच्या बायकोला रोज बांधून झोपवायचं! पनू आतल्या खोलीत झोपायला लागली. म्हशींच्या धारा मी काढायला शिकलो, म्हणजे म्हशींनी मला सहन करायला सुरुवात केली.

खरं सांगतो, मी तिला भ्यायला लागलो होतो. ताट द्यायला ती जवळ आली की माझा हात आपोआप मांडीखाली जायचा. एकदा तिने ते बघितलं.

"भिताय व्हय?"

"नाही गं."

"भिवा," ती म्हणाली. "तुम्ही भिला तरच पोरगी नीट राहील." आणि ताट जमिनीवर ठेवून चार पावलं मागे गेली.

मी त्यानंतर पुष्कळ रडलो, गोठ्यात जाऊन. माझं तिच्यावर प्रेम होतं आणि तिने मला हात लावू नये असंही वाटत होतं. या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतात हे मला तेव्हा कळलं.

पनूला मात्र भीती वाटत नव्हती, आणि सगळ्यात मोठी भीती तीच होती. हाड जुळलं, प्लास्टर निघालं आणि तिने पुन्हा आईच्या मागे भुणभुण लावली. शाळेत सोडायला बाबा नको, आई पाहिजे. हाताला धरून पाहिजे, सगळ्यांच्या आया धरतात तसं. एकदा मी बाहेरून आलो तर पनू आईसमोर हात पुढे करून उभी होती आणि म्हणत होती, "नजर हातावर ठेव आणि धर. मग काय होतंय?" त्रिशला भिंतीला पाठ लावून उभी होती.

"बाळा, रस्त्यावर मी हाताकडं बघू का गाडीकडं बघू?" ती विचारत होती. पनूने पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

रोज टोमॅटो चालू होते. डोळ्यांवर टॉवेल, हातात टोमॅटो. त्या दिवसांत आमच्याकडे टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी आणि पुन्हा टोमॅटोचं सार, एवढाच स्वयंपाक होता. उन्हाळा गेला. मग एका दुपारी टोमॅटो हातात गेला आणि शाबूत राहिला. मी दुसरा दिला, तोही शाबूत. डाव्या हातात दिला, तिथेही. त्रिशलाने टॉवेल ओढून काढला आणि टोमॅटो नाकाशी नेऊन ती हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी ती हसली होती. पुढचे काही आठवडे एकही टोमॅटो फुटला नाही. खव्याचा गोळासुद्धा तिने डोळे झाकून धरला आणि त्यावर बोटांचे ठसे जेमतेम उमटले.

मी आनंदाने केतकीबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, अजून मुलीचा हात देऊ नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"टोमॅटो उलट दाबत नाही. जिवंत हात दाबतो. पंजावाल्यांचा सराव कशाचा असतो? समोरचा हात तसूभर हलला की विचार करायच्या आत आपली मूठ बंद. ती सवय मज्जारज्जूत बसलेली आहे आणि तिला लगाम आहे की नाही, हे टोमॅटोवरून कळणार नाही." त्या थांबल्या. "आधी मोठ्या माणसाच्या हातावर बघा. दोन भाग करा. पहिल्यांदा त्यांना धरायला सांगा आणि सोडायला सांगा. दुसऱ्यांदा त्यांनी हात उघडा ठेवायचा, आणि समोरच्याने दाबायचं. लहान मूल दाबेल तेवढंच."

घरात मोठं माणूस मीच.

रविवारी सकाळी जेवणखाण आवरल्यावर आम्ही घराच्या पुढच्या सोप्यात समोरासमोर बसलो. ऊन छान पडलं होतं. पनूला बाहेर खेळायला पाठवलं होतं, पण ती गेली नाही. साबणाने दोन्ही हात धुऊन, ओले हात फ्रॉकला पुसत ती दारात येऊन उभी राहिली.

"तुमचं झालं की माझा नंबर," तिने बजावलं.

"तू तिथनं हलायचं नाहीस," मी म्हटलं.

त्रिशलाने स्वतःच टॉवेल बांधला, दोनदा गाठ मारली. मी उजवा हात पुढे केला. तिने बोटांच्या टोकांनी चाचपून बघितलं आणि मान हलवली. "डावा द्या. उजव्यात खडू धरायचाय तुम्हाला." म्हणजे तीही घाबरलेलीच होती. मी डावा दिला.

"धर," मी म्हटलं.

तिची बोटं माझ्या हाताभोवती आली. इतके महिने तिने मला हात लावला नव्हता. खरखरीत, ऊन ऊन तळवा. पकड अशी अलगद की देवळात म्हाताऱ्या माणसाला नेताना धरावं. माझे डोळे भरून आले.

"सोड."

तिने सोडलं. दारात पनूने टाळी वाजवली. टॉवेलखाली त्रिशलाचे ओठ थरथरत होते, हसू दाबून धरल्यासारखे.

आता दुसरा भाग राहिला होता. तिने तळहात वर करून गुडघ्यावर ठेवला आणि मी माझा हात त्यात ठेवला. मग मी थांबलो. इथेच थांबावं असं मनात आलं, हे कबूल करतो. कुणाला कळणार होतं? केतकीबाई पुण्यात. मी 'झालं' म्हटलं असतं की त्रिशलाने टॉवेल काढला असता, पोरगी धावत आली असती आणि आमचं घर पुन्हा घर झालं असतं. मी पनूच्या हाताकडे बघितलं. तो हात तिने तयारीत पुढे धरला होता.

"त्रिशला, आता मी दाबणार. तू काही करायचं नाहीस. हात नुसता उघडा ठेव."

"बरं," ती म्हणाली.

मी दाबलं. रस्त्यावर भोंगा ऐकून पोर दाबेल तेवढंच.

आधी आवाज आला, वाळकी काटकी पायाखाली यावी तसा, पाठोपाठ दुसरा. मग कळ आली, आणि ती एवढी आली की छातीत श्वासच अडकला, तोंडातून आवाज फुटेना. माझी बोटं तिच्या मुठीत कुठे दिसेनात. दारातून पनू "झालं?" म्हणत पुढे निघाली. मी उजवा हात उगारून तिला तिथेच थांबवलं.

त्रिशला टॉवेलखाली शांत बसली होती. चेहऱ्यावर तेच हसू होतं, आणि ती वाट बघत होती.

"दाबा की," ती म्हणाली. "भिताय कशाला? मी हात उघडाच ठेवलाय."